लेकीच्या मापाची फट

बैठ्या घरांच्या रांगेत त्याचं दुकान शेवटचं. तीन भिंती, वर पत्रा आणि चौथ्या बाजूला थेट रस्ता. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, फाटकं असली कामं तो करी. सगळे त्याला वेल्डर म्हणत. रागावली की बायकोसुद्धा.

समोरची घरं पडली आणि तिथे उंच इमारत आली. तिच्या मागे बंद कारखान्याचं मैदान तेवढं उरलं. मुलं पूर्वीपासून ज्या बोळातून तिकडे पळत, तो आता इमारतीच्या कुंपणात गेला. दुसरी वाट मोठ्या रस्त्याने होती, पण तिथून बांधकामाचे ट्रक सुसाट जात. कुठलीच आई मुलांना तिकडे पाठवत नसे.

इमारतीच्या सेक्रेटरीने वेल्डरलाच बोलावलं. "बोळाला गज ठोका. पोरं धुडगूस घालतात."

आपण नाही म्हटलं तर दुसरा कुणी करेलच, असं त्याने बायकोला सांगितलं, मग स्वतःला. मुलीला सांगायची वेळ आली तेव्हा जीभ रेटेना. तिला बाहेरूनच कळलं.

"आम्ही कुठे खेळायचं, बाबा? तुझ्या डोक्यावर?"

त्याने तिला दुकानात नेलं आणि दोन गज तिच्यासमोर उभे धरले. "जा ह्यातून. आधी डोकं. आता श्वास सोड." डोकं गेलं की अंग जातं, हे त्याला जाळ्या करून ठाऊक होतं, म्हणून तर लहान मूल असलेल्या घरी तो गज जवळजवळ बसवी. मुलगी हसत आरपार गेली. त्याने खडूने खूण केली. बोळाचे सगळे गज घट्ट बसवले, फक्त भिंतीलगत, सांडपाण्याच्या पाइपाआड, एक फट तिच्या मापाची ठेवली.

सेक्रेटरीने गज हलवून पाहिले. "दणकट आहे," म्हणाला. वेल्डरला लबाडी एवढी गोड कधी लागली नव्हती.

मोठ्यांना रस्ते ठाऊक असतात, मुलांना फटी. दुसऱ्या दिवशी सगळी आत होती. एकजण सोडून.

शिवणकाम करणाऱ्या शेजारणीचा मुलगा. अंगाने भरलेला, म्हणून ढोल्या. आजवर खेळात भांडण झालं की निकाल त्याचा असे. आता तो बाहेर गज धरून उभा राही आणि तिथूनच ओरडे, "आउट! आउट आहे तो!" पहिले काही दिवस मुलांनी ऐकलं. मग कुणीतरी म्हणालं, "तुला तिथून काय डोंबल दिसतंय!" ते खरंच होतं. तिथून अर्धंच मैदान दिसायचं.

वेल्डरला हे दुकानातून रोज दिसे. काळी काच लावलेला मुखवटा तोंडावर घेतला की ठिणगीखेरीज काही दिसत नाही. तो मुखवटा तेव्हा जरा जास्तच वेळ तोंडावर राहू लागला.

एके दिवशी शेजारीण दुकानात आली. "भाऊजी, तुमच्या लेकीला विचारा ना, शाळेत कुणी चिडवतं का ह्याला? जेवायलाच बसत नाही. बारीक व्हायचंय म्हणतो. काल चक्कर येऊन पडला."

"विचारतो, वहिनी," तो म्हणाला. सेक्रेटरीला सांगावं तर ती फटही बंद होणार. गप्प बसावं तर पोरगं उपाशी.

दुपारी इमारतीचा वॉचमन जेवायला गेलेला पाहून तो बोळात शिरला. कापाकापी केली असती तर आवाज झाला असता. त्याने गाडीचा जॅक फटीत आडवा धरला आणि दांडा फिरवत राहिला. लोखंड कण्हलं आणि भिंतीपासून दूर वाकलं. घरी येऊन मुलीला एवढंच म्हणाला, "आज त्यालाही घेऊन बघा."

संध्याकाळी ढोल्या जोर लावून फटीतून आत गेला आणि मग मुलांनी वाकलेला गज पाहिला. नुसता जल्लोष. "ढोल्याने गज वाकवला!" मुलांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि सगळीच आडवी झाली. त्या दिवशी तो पोटभर जेवला. शेजारीण आनंदाने सांगून गेली आणि वेल्डरला वाटलं, सुटलो.

पण वाकलेला गज लांबूनही दिसतो. सेक्रेटरी दुकानात येऊन कडाडला, "हे तुमचं दणकट काम? पत्रा मारा अख्ख्या बोळाला."

"मी नाही मारणार."

दुसरा कारागीर आला आणि दुपारपर्यंत पत्रा मारून गेला. आता आतलं काहीच दिसत नव्हतं.

"ढोल्याच्या पोटाने मैदान गिळलं," मुलगी जेवताना म्हणाली. "आता त्याला कुणी घेत नाही."

"गप्प बस!" तो एवढ्या जोरात ओरडला की तिचा घास हातातच राहिला. तिला काही कळलं नाही. मग त्याने तिला सगळं सांगितलं. ती ताटावरून उठली.

सकाळी त्याने ढोल्याला दुकानात बोलावलं. "गज तू नाही वाकवलास. मी वाकवला."

"राहू दे काका. आईने सांगितलं असेल, समजूत काढा म्हणून."

वेल्डरने एका जुन्या जाळीत जॅक अडकवला आणि दांडा फिरवला. गज तसाच वाकला. मुलाने त्या वाकलेल्या गजावरून बोट फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल, असं वेल्डरला वाटलं होतं.

"म्हणजे मी काहीच केलं नव्हतं," मुलगा म्हणाला. मग म्हणाला, "आधीची फट पण तुम्हीच ठेवली होती?"

"हो."

"मग माझं माप का नाही घेतलंत?"

तो रागावलेला नव्हता. खरंच विचारत होता.

"मनात आलं नाही," वेल्डर म्हणाला. खरं तेवढंच होतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

मुलाने मान हलवली. "मुलांना सांगाल?"

"सांगतो. आत्ताच चल."

"तुम्ही जा," मुलगा म्हणाला. "मी इथे बसतो."