पुड्यावरचे फत्तेसिंगराव

म्हैसूरला आमच्या जयलक्ष्मीपुरममध्ये फत्तेसिंगरावांना सगळे ओळखतात. का ओळखतात ते सांगायला गेलं की ऐकणारा हसतो, म्हणून मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लिहिलं तर निदान हसणारा समोर दिसत नाही.

फत्तेसिंगराव हेब्बाळच्या एका अगरबत्ती कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. त्या घराण्याचं त्यांच्याकडे आता एवढंच उरलंय, दोन्ही गालांवर पसरलेल्या मिशा. घोड्यावर ते कधी बसलेले नाहीत.

ते निवृत्त झाले तेव्हा मालक विजयेंद्र यांनी शाल-नारळ दिला आणि म्हणाले, "राव, फेट्यातला एखादा फोटो असला तर द्या, आठवण म्हणून." भाच्याच्या लग्नातला होता, तो यांनी आनंदानं दिला.

पुढच्या दसऱ्याला नवे पुडे बाजारात आले. त्यावर फत्तेसिंगराव, फेट्यासकट. मागचा मांडव पुसून तिथं कमान काढलेली, फोटोला चंदनाचा हार घातलेला, आणि खाली छापलेलं, 'आमचे स्वर्गीय संस्थापक'.

खरे संस्थापक म्हणजे विजयेंद्रांचे वडील. ते बंगळूरला मुलीकडे असतात, काळा चष्मा लावतात, रोज गुळगुळीत दाढी करतात. जाहिरातवाल्यांनी म्हणे सांगितलं की या चेहऱ्याकडे बघून कुणालाही देव आठवणार नाही.

फत्तेसिंगरावांना राग आला नाही. "अय्यो, असू दे हो," मला म्हणाले, "फोटो छान आलाय."

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना मात्र ते सहन होईना. "भावजी," त्या मला म्हणाल्या, "मी कुंकू लावून दुकानात जाते, आणि समोर फळीवर हे ओळीनं हार घालून बसलेले. वर दुकानदार विचारतो, मोठा देऊ की लहान?"

त्यांना एकच हवं होतं. ज्या पुड्यानं नवरा मेला म्हणून गावभर सांगितलं, त्यानंच तो जिवंत आहे असं सांगावं. त्या हेब्बाळला जाऊनही आल्या. कचेरीत उत्तर मिळालं, "तुमच्या यजमानांचं नाव कुठं छापलंय, दाखवा."

नाव खरंच कुठं नव्हतं.

हे प्रकरण तिथंच संपलं असतं, पण कृष्णराजनगरला वरलक्ष्मी नावाच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी पुड्यावरचा फोटो कापून देवघरात लावला होता आणि त्या रोज सकाळी त्याला नमस्कार करत. एके दिवशी त्या म्हैसूरला देवराज मार्केटात आल्या, तर स्वर्गीय संस्थापक शेवग्याच्या शेंगांवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. वरलक्ष्मींचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी घाबरत विचारलं, "आपण...?"

"हो, मीच," फत्तेसिंगराव खुशीत म्हणाले. "पुड्यावरचा."

वरलक्ष्मींनी ग्राहक आयोगात तक्रार केली. कंपनीनं खोट्या संस्थापकाच्या नावानं माल विकला, आणि आपले इतक्या दिवसांचे नमस्कार फुकट गेले, त्याची भरपाई मिळावी. नमस्काराची भरपाई कशी काढायची यावर पुढं बराच खल झाला.

तक्रार जाताच कंपनीचा वकील शशांक फत्तेसिंगरावांच्या घरी आला. मीही तिथंच बसलो होतो.

"काका, तुम्ही एवढंच लिहून द्या की फोटो तुमच्या आजोबांचा आहे. चेहरा घराण्यात असतोच."

"आजोबांच्या मनगटावर माझं घड्याळ कसं?" फत्तेसिंगरावांनी विचारलं.

"ते आम्ही पुसू."

"पुसा," सरस्वतीबाई आतून आल्या. "मांडव पुसलात, घड्याळ पुसा, माणूस तर आधीच पुसून टाकलाय. अरे बाळा, ते बघ, तुझ्यासमोर चकली खातायत. स्वर्गीय आहेत का ते?"

शशांकनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "काकू, कंपनीनं तसं नाव घेऊन कुठं म्हटलेलं नाही."

फत्तेसिंगरावांनी सही केली नाही. सुनावणीला आम्ही तिघं गेलो. वरलक्ष्मींनी पुडा फत्तेसिंगरावांच्या गालाशी धरून दाखवला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आपण हयात आहात?"

शशांक लगेच उठला. "हा प्रश्न मूळ तक्रारीत नाही."

फत्तेसिंगराव अर्धे उठले होते ते तसेच राहिले. मागून सरस्वतीबाई म्हणाल्या, "उठा की हो! आहे म्हणून सांगा!"

"आहे, अम्मा," ते म्हणाले. "दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो."

"तो गेल्या वर्षीचा असेल," शशांक म्हणाला.

अध्यक्षबाईंनी त्याला बसायला सांगितलं. पुड्यावरचा खोटा मजकूर काढावा, वरलक्ष्मींची माफी मागावी, आणि फोटो वापरायचा तर त्या माणसाच्या लेखी संमतीनंच, असा आदेश झाला. कंपनीनं माफीबरोबर अगरबत्तीची पेटी पाठवली. वरलक्ष्मींनी माफी ठेवून पेटी परत केली.

विजयेंद्रांनी फोटो काढूनच टाकला होता, पण मिशांशिवायचा पुडा दुकानदार घेईनात. शेवटी ते स्वतः घरी आले. सरस्वतीबाईंनी चहा दिला आणि अट घातली. "फोटो ठेवा. खाली छापा, हे संस्थापक नाहीत. हे हयात आहेत."

विजयेंद्रांनी चहा संपायच्या आत कबूल केलं.

नवे पुडे आले. सरस्वतीबाईंनी हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या ओटीत एकेक घातला आणि मजकूर वाचून घेतल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही. इतक्या समाधानात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग शशांक पुन्हा आला.

"काकू, एक अडचण आहे. एकदा छापलेला पुडा तीन वर्षं बाजारात राहतो. तेवढ्यात काकांना काही झालं, तर मजकूर परत खोटा ठरेल."

"मग?"

"मग काकांनी काळजी घ्यावी, असं कंपनीचं म्हणणं आहे."

तेव्हापासून कंपनीचा डॉक्टर येऊन रक्तदाब बघतो. तूप बंद झालं. दसऱ्याला कारखान्यातून म्हैसूरपाक यायचा, तिथं आता भिजवायचे बदाम येतात. सरस्वतीबाई लग्न झाल्यापासून त्यांना कारलं खाऊ घालू बघत होत्या, आता त्यांच्या बाजूनं वकील आहे. नवा माल छापायला घेण्याआधी शशांक न चुकता फोन करतो, आणि नुसत्या सरस्वतीबाईंच्या शब्दावर भागत नाही, फत्तेसिंगरावांना स्वतः बोलावं लागतं.

"मेलो होतो तेव्हा बरं होतं हो, रघुनाथराव," एकदा कारल्याचं ताट पुढं ओढत ते मला म्हणाले. "सुखानं खात होतो."

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला. फोनवर येण्याइतका आवाज राहिला नाही. हेब्बाळला छपाई थांबली, आणि सकाळी शशांक फाटकाशी येऊन उभा राहिला. मी चौकशीला गेलो होतो, मीही त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. कंपनीसाठी की काकांसाठी, ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही.

सरस्वतीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. रात्रभर जागल्याचं डोळ्यांत दिसत होतं.

"काकू, काका...?"

"झोपलेत. ताप उतरला. पहाटे पेज मागून प्यायले, आणि लोणचं दिलं नाही म्हणून भांडले."

शशांकनं मोठा श्वास सोडला. खिशातून फोन काढला आणि विचारलं, "मग छापू?"

"छाप," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी अक्षर जरा मोठं घे."