मुरबाडच्या गोदामातला राउटर कोणी बंद केला?

वाशिंदचा आमचा कारखाना आणि मुरबाडचं गोदाम यांच्यामध्ये दोन लाइनी आहेत. एक थेट आणि वेगवान. दुसरी कल्याणवरून फिरून येणारी, अडचणीपुरती ठेवलेली. कुठली वाट धरायची हे दोन्हीकडचे राउटर आपसात बोलून ठरवतात. दसऱ्याच्या आसपास ते बोलेनासे झाले. थेट लाइन ठणठणीत, दिवे हिरवे, तरी सगळा डेटा कल्याणचा वळसा घेत होता. त्या मंद वाटेने मालाची चलनं निघेनात, ट्रक गेटवर खोळंबले.

गोदामाच्या मॅनेजरांनी फोनवरच निकाल दिला. "आमचा इलेक्ट्रिशियन. राउटरच्या रॅकच्या खोलीची चावी त्याच्याकडे असते. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, पुढे देत नाही."

"त्याने केलं काय?"

"ते तुम्ही शोधा."

कंपनीचं नेटवर्क माझ्याकडे, म्हणून मी शहापूरहून गाडी काढली. 'आम्ही कशालाच हात लावला नाही' हे प्रत्येक बिघाडात ऐकते, आणि दर वेळी कोणीतरी लावलेला असतो. मुरबाडलाही सगळ्यांनी तेच सांगितलं.

राउटर ठरावीक सेकंदांच्या अंतराने एकमेकांना हाक मारतात. ते अंतर दोन्हीकडे सारखं नसेल तर ओळख पटत नाही. लाइनवाल्या कंपनीच्या इंजिनियरने उन्हाळ्यात ते दोन्हीकडे बदललं होतं. आता वाशिंदला नवं होतं आणि इथे जुनंच. बदल सेव्ह केला नसेल आणि राउटर बंद पडला, तर तो जुन्यावर जातो. बंद कधी पडला होता? राउटरच्या नोंदीत खंडेनवमीची दुपार होती.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पन्नाशीचा, जवळच्याच गावचा. मॅनेजर शेजारी उभे राहिले.

"त्या दिवशी राउटरला हात लावलात?"

"नाय मॅडम."

"पूजेला सगळे होते," मॅनेजर म्हणाले, "हा एकटाच बाहेर."

"आमी बौद्ध. पूजा नाय करत, साहेबांना ठाऊक हाय."

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझाही संशय बळावला. केबल तपासायला म्हणून रॅकमागे वाकले, तर राउटरच्या जाळीत झेंडूची सुकलेली पाकळी आणि वर कुंकवाचं बोट.

"याचीही पूजा केलीत?" मी मॅनेजरांना विचारलं.

"मग? यंत्रच आहे ते."

"चालू असताना?"

"छे. चालू यंत्राची पूजा करतात का कुठे? सगळं थंड करून. मेन खाली घेतला होता."

"आणि यूपीएस? त्याच्या बॅटरीवर राउटर चालूच राहतो."

"त्यालाही कुंकू लावायचं होतं ना, तोही बंद."

"मेन खाली कोणी घेतला?"

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब बोलले खाली कर, केला. नारळ फुटला, बोलले वर कर, केला. मग बाहेर जाऊन बसलो."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी राउटरचं इचारलं. आनि साहेबांचं नाव घेतल्यावर कोन ठेवनार मला?"

कोणी खोटं बोललं नव्हतं. पूजा ही हात लावण्यात धरतच नाहीत.

लाइनवाल्या इंजिनियरला फोन लावला. "सेव्ह केलं असणार, मॅडम."

"असणार, की केलं?"

त्याने 'बघून सांगतो' म्हणत फोन ठेवला. मी अंतर बदललं, सेव्ह केलं, मेन आणि यूपीएस पुन्हा बंद-चालू करायला लावले. राउटरांची ओळख टिकली. चलनं सुटली.

मॅनेजर चहा घेऊन आले. "मॅडम, रिपोर्टमध्ये पूजेचं कशाला? तांत्रिक बिघाड लिहा. त्याला ठेवतो की."

"लेखी देता?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"नाही."

तिथेच बसून रिपोर्ट लिहिला: इंजिनियरने बदल सेव्ह केला नव्हता, पूजेसाठी वीज मॅनेजरांच्या सांगण्यावरून बंद झाली, इलेक्ट्रिशियनचा दोष नाही. त्यांच्यासमोरच हेड ऑफिसला पाठवला आणि मग चहा घेतला.