पांढऱ्या दोऱ्याची बाटली

काचघरातल्या अठ्ठेचाळीस कुंड्यांपैकी बेचाळीस मुद्दाम उपाशी ठेवलेल्या असत, आणि त्यांना उपाशी ठेवण्याचा पगार बाटलीबाईंना मिळत असे.

कृषी महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला ते काचघर होते. आत दगडी ओट्यांवर सहा-सहा कुंड्यांच्या आठ रांगा. कुंड्यांत माती नव्हती; आम्लात धुऊन, भट्टीत तापवून पार निर्जीव केलेली पांढरी वाळू होती. प्रत्येक रांगेच्या डोक्याशी एक मोठी काचेची बाटली. पहिल्या बाटलीतल्या पाण्यात रोपाला लागणारे सारे काही विरघळवलेले असे. उरलेल्या सातांत एकेक गोष्ट वगळलेली: एकीत नत्र, म्हणजे नायट्रोजन, नाही, एकीत स्फुरद नाही, एकीत पालाश नाही, मग लोह, कॅल्शियम, गंधक, मॅग्नेशियम. बाटलीबाईंची शाळा सातवीत सुटली होती. रसायनांची चिन्हे त्यांना परकी वाटत, म्हणून त्यांनी प्रत्येक बाटलीच्या गळ्यात निराळ्या रंगाचा दोरा बांधला होता. नत्र नसलेल्या बाटलीचा दोरा पांढरा. अठ्ठावीस वर्षांत तीन विभागप्रमुख बदलले, दोऱ्यांचे रंग बदलले नाहीत.

‘बाटलीबाई’ हे नाव कुणा विद्यार्थ्याने ठेवले आणि ते चिकटले. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. घरी कुणी आले की ते गंभीर चेहऱ्याने सांगत, “आमच्याकडे उलटा कारभार आहे. बाटली हिच्या हातात, आणि घरी वेळेवर यायचं मी.”

रोपाचे दुखणे ओळखण्यात मात्र बाईंचा हात धरणारे कोणी नव्हते. स्फुरद कमी पडले की रोप खुजे राहते आणि पान काळपट, जांभळट होते. पालाश नसले की पानाच्या कडा विस्तवाजवळ धरल्यासारख्या करपतात. लोहाची भूक कोवळ्या पानाला लागते. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी पडते. नत्राची तऱ्हा सर्वांत निराळी. त्याची टंचाई झाली की पिवळे पडते ते सगळ्यांत खालचे, जुने पान. रोप त्या पानातले नत्र काढून वरच्या कोंबाला देते. आधी तळाचे पान रिकामे होते, मग त्याच्या वरचे, आणि शेंड्याला तरीही एक हिरवे पान उमललेले असते. हे पाहून कोणी भाबडेपणाने म्हणाले, “अगदी आईसारखं हो!” तर बाई लगेच सांगत, “आईला राग येतो. पानाला येत नाही. उगाच आईला पान करू नका.”

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मात्र त्यांना हे पाहवले नव्हते. पांढऱ्या दोऱ्याच्या रांगेतले एक रोप इतके फिकट झाले, की दुपारी कोणी नसताना त्यांनी पूर्ण अन्नाच्या बाटलीतले पेलाभर पाणी त्याला घातले. वळून पाहतात तो दारात थोरले माळी उभे. ते ओरडले नाहीत. कुंडी उचलून त्यांनी बाहेर नेऊन ठेवली आणि म्हणाले, “पोरी, तुला वाटतं तू त्याला जेवू घातलंस. ते काहीतरी सांगत होतं. तू त्याचं तोंड बंद केलंस.” ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. पुढे निवृत्त होताना त्यांनी आपली पेरणीची काडी बाईंना दिली. गुळगुळीत लाकडाची, टोकापासून बोटाच्या एका पेरावर डाग देऊन केलेली काळी खूण. तिथवर काडी रोवायची आणि भोकात बी सोडायचे. तेव्हापासून ती काडी बाईंच्या अंबाड्यात असे, आणि त्या पेल्यानंतर चुकीचा एक थेंबही त्यांच्या हातून कुठल्या कुंडीत गेला नव्हता. हीच त्यांची सगळी कमाई होती.

यंदा काचघरात चवळी होती. प्रयोग एका संशोधक मुलीचा. प्रबंधाचे तिसरे वर्ष आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळे. तिच्या सांगण्यावरून बियाणेही औषधात धुऊन घेतले होते. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या दोऱ्याच्या सहाही कुंड्या शहाण्यासारख्या पिवळ्या पडल्या. पाचव्या आठवड्यात त्यांतल्या शेवटच्या दोन हिरव्या होऊ लागल्या.

बाईंनीच ते आधी पाहिले. नवे पान हिरवे होते, आणि त्याखालचेही. दोन दिवसांत रंग असा चढला, की पूर्ण अन्नाच्या रांगेत नेऊन ठेवल्या असत्या तर ओळखू आल्या नसत्या. त्यांनी दोरा पाहिला, बाटली पाहिली. बाटली तीच होती.

अडतिसाव्या दिवशी मुलगी मोजपट्टी घेऊन आली आणि ओट्यापाशी थबकली.

“मावशी, ह्यांना काय घातलंत?”

“जे बाटलीत आहे ते.”

“नत्र नसलेलं झाड हिरवं होतं का कधी?”

“अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नाही.”

“मग?” मुलीचा आवाज चढला. “दया आली असेल तर आत्ताच सांगा. माझं अख्खं वर्ष आहे ह्यात.”

‘दया’ हा शब्द बाईंना जुन्या जखमेवर बोट ठेवावे तसा लागला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो पेला जणू कुणी त्यांच्यापुढे ठेवला होता. त्या एवढेच म्हणाल्या, “नाही घातलं,” आणि तोंड फिरवून बाटल्या पुसू लागल्या.

तासाभरात विभागप्रमुख आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला दोन आणि दोन चार हवे असत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही कुंड्या न्याहाळल्या. “बाई, तुमच्यावर आळ घ्यायची माझी इच्छा नाही. पण नत्र काही आभाळातून पडत नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ती बियाण्याच्या कोठारात काढा. तिथं बसून काम आहे.”

“बसून काम मला जमणार नाही, सर.”

“मग काय करू म्हणता?”

बाईंनी हिरव्या कुंडीवर हात ठेवला. “मी सांगून तुम्ही ऐकणार नाही. हिला विचारा. मुळापासून काढा. पान खोटं बोलत असेल, मूळ बोलणार नाही.”

मुलगी म्हणाली, “अजून चार दिवस बाकी आहेत, सर. एक झाड कमी झालं तर—”

“तसंही हे तुझ्या हिशेबात धरता येणार नाही,” विभागप्रमुख म्हणाले. “काढा.”

पाण्याने भरलेल्या घमेल्यात बाईंनी कुंडी आडवी केली आणि रोपाचा बुंधा दोन बोटांत धरून हळूहळू हलवू लागल्या. वाळूत वाढवलेल्या झाडाचे हे एक बरे असते. वाळू आपणहून निघून जाते, एक तंतू तुटत नाही. पाणी गढुळले, मग निवळले. मूळ हातभर लांब, विंचरलेल्या केसांसारखे मोकळे झाले. त्याला जागोजागी गाठी होत्या. मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

“सूत्रकृमी? गाठींचा रोग?” मुलगी कुजबुजली.

“रोगाचं झाड असं हिरवं असतं का गं?” बाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी चष्मा नाकावर घेतला. खिशातून पाते काढले, एक मोठी गाठ काचेच्या तुकड्यावर ठेवली आणि मधोमध चिरली.

आतून ती लाल होती. नुकत्या झालेल्या जखमेसारखी, ओली, लाल. झाडाच्या अंगात बाईंनी आजवर हिरवा रस पाहिला होता, पांढरा चीक पाहिला होता; लाल कधी पाहिले नव्हते.

“जिवाणू,” विभागप्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. “मातीत असतात. चवळीच्या मुळात शिरून घर करतात. आपल्या भोवतीची ही हवा आहे ना, बाई, तिच्या पाच भागांतले जवळजवळ चार भाग नत्रच असतं. पण कुठल्याही पानाला त्यातला कणसुद्धा स्वतः घेता येत नाही. हे घेतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात.”

बाईंनी मान वर केली. काचेच्या छताखाली दुपारचे ऊन भरले होते. ओटे, रांगा, बाटल्या, आणि मधली ती रिकामी जागा, जिच्यातून त्या अठ्ठावीस वर्षे झारी घेऊन ये-जा करत होत्या. त्यांच्या साऱ्या उपाशी कुंड्या अन्नाच्या ढिगात बुडालेल्या होत्या तर! नाकातोंडाशी जेवण, आणि घास उचलायला हात नाही. आणि हे दोन दाणे वाळूच्या अंधारात कुणाला तरी हाक मारून गेले होते, ते आले होते, आणि त्यांनी मिळून लाल रंगाची एक चूल पेटवली होती. दारे-खिडक्या बंद असताना, त्यांच्या हाताखाली, त्यांना न विचारता. किती वेळ त्या तशाच वर पाहत राहिल्या कुणास ठाऊक.

“मावशी, चुकलं माझं,” मुलगी म्हणाली. “मी नको ते बोलले.”

“बाटलीची चूक नाही, हे मान्य,” विभागप्रमुख म्हणाले. “पण वाळू तापवलेली, बी धुतलेलं. हे जिवाणू आत आले कुठून?”

कुणाचा रोख बाईंकडे नव्हता. त्या गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण प्रश्न ऐकताच त्यांना पेरणीचा दिवस आठवला. उकळलेल्या काचेच्या कांडीने भोके पाडत त्या रांगेमागून रांग पुढे गेल्या होत्या. पांढऱ्या दोऱ्याची रांग शेवटची. तिच्या चार कुंड्या झाल्या आणि कांडी ओट्यावर आपटून तिचे टोक उडाले. सामानाची खोली बंद होती, बी भिजून फुगले होते. उरलेल्या दोन कुंड्यांसाठी त्यांनी अंबाड्यातली काडी काढली होती.

आता त्यांनी ती पुन्हा काढली आणि घमेल्याच्या काठावर ठेवली.

“ही,” त्या म्हणाल्या. “काचघराच्या मागे माझा चवळीचा वाफा आहे, तिथं हीच वापरते. ओल्या फडक्यानं पुसली होती. डोळ्याला स्वच्छ दिसत होती. उकळली असती तर चिरली असती, म्हणून जन्मात कधी उकळली नाही. बाटलीचा थेंब मी चुकवला नाही, सर. पण ह्या दोन कुंड्या माझ्याच हातानं बिघडल्या.”

मग बाई मुलीकडे वळल्या. “आणि दयेचं म्हणशील, तर तीही एकदा आली होती. नोकरीच्या पहिल्या महिन्यात. एक पेला. ते तेवढं एकदाच.”

मुलीला हसू फुटले, आणि डोळेही भरले. विभागप्रमुखांनी काडी उचलून तिची काळी खूण पाहिली आणि परत बाईंच्या हातात दिली. “पांढऱ्या दोऱ्याची रांग नव्याने लावावी लागेल. सहा कुंड्या, सहा आठवडे. नवी वाळू तापवायला घ्या.”

“कुणी घ्यायची?”

“म्हणजे काय? ह्या घरात तुमच्याशिवाय आहे कोण?” ते निघाले आणि दारातून मागे वळले. “यावेळी दोन कांड्या उकळा.”

संध्याकाळी बाईंनी वाफ्यातले चवळीचे एक रोप मुळासकट घरी नेले. यजमान भिंगाखाली एक जुने घड्याळ उघडून बसले होते. बाईंनी घड्याळाशेजारी मुळाची गाठ ठेवली आणि पात्याने चिरली. “अहो, हे बघा.”

ते वाकले. चेष्टा करायची म्हणून त्यांनी तोंड उघडले होते, ते तसेच राहिले. भिंग डोळ्याला धरून ते बराच वेळ पाहत होते.

“चाललंय हे,” अखेर ते हळूच म्हणाले. “ह्याला चावी कोण देतं?”

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “हवेवर चालतं.”

नवी रांग लागली तेव्हा सहाही भोके काचेच्या कांडीने पडली. काडी मागच्या वाफ्याच्या अवजारांत गेली होती. अंबाडा हलका वाटून बाईंचा हात उगाच मागे जाई. राहिलेली ती एक हिरवी कुंडी मुलीने फेकू दिली नाही. ती काचघराबाहेर, पायरीजवळ ठेवली होती. रोज सकाळी बाई तिला पांढऱ्या दोऱ्याच्याच बाटलीतले पाणी घालत, मापाने, एक थेंब इकडे-तिकडे नाही. त्या रांगेतल्या रोपाकडे पाहताना आजवर त्यांचा जीव थोडा तरी तुटे. ह्या कुंडीपाशी तो तुटत नसे. त्या झारी खाली ठेवत, क्षणभर थांबत, एक खोल श्वास घेत, आणि मग आत जात. महिन्याभरात तिला शेंगा लागल्या.