वैजंताआत्याचा विषय

पंखा थांबतो. वीज गेली असावी. दुपारच्या उकाड्यात वसतिगृहाच्या खाटेवर अंबिकाचे डोळे मिटत येतात, पण सकाळचा वर्ग काही डोळ्यांपुढून हलत नाही. स्त्री अभ्यासाच्या पहिल्याच तासाला मॅडमनी प्रत्येकीला विचारलं होतं, हा विषय का घेतला? एकीनं स्पर्धा परीक्षेचं कारण दिलं. एकीनं सरळ सांगून टाकलं, वसतिगृहात जागा मिळते म्हणून. अंबिकाच्याच खोलीतल्या शबनमनं बहिणीच्या पंधराव्या वर्षी लागलेल्या लग्नाचं सांगितलं. अंबिका म्हणाली, "आवड आहे म्हणून."

खाटेच्या कडेला कुणीतरी बसतं. वैजंताआत्या. वडिलांची धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी राबत राहिलेली आणि तिथंच वारलेली. डोईवर पदर, हात ओले.

"काय शिकायलीस?"

"स्त्री अभ्यास, आत्या."

"बायांचा काय अभ्यास करायचा? आपण काय भूगोल हाव का?"

अंबिकाला हसू येतं. आता दोघी वर्गात शेवटच्या बाकावर आहेत आणि फळ्याखाली चूल पेटलेली आहे. आत्या उठून भाकरी थापायला लागते, एकट्या उजव्या हातानं. डावा अंगाशी घट्ट धरलेला. शेवटी शेवटी ती असंच करायची. घरच्यांना वाटायचं, खांदा धरलाय.

"तू सांगितलं का नाहीस गं?"

"कुणाला? भावाला? छातीचं?" आत्या भाकरी उलटते. "वहिनीला सांगावं म्हणून एकदा चुलीपाशी गेले. तेवढ्यात पाहुणे आले. मग सुगी लागली. राहूनच गेलं."

धूर डोळ्यांत जातो. तो विरतो तेव्हा समोर एसटी स्टँड आहे. गाडी लागलीय, पाटी कोरी. माणूस एक नाही. आत्या पायरीवर पाय ठेवते.

"आत्या, हा विषय मी तुझ्यापायी घेतला. सकाळी वर्गात सांगता आलं नाही."

"मला तरी कुठं आलं?"

ती अंबिकाची बोटं धरते, आपल्या काखेखाली नेते आणि दाबते. आत काहीतरी टणक लागतं, हरभऱ्याएवढं.

"पहिल्यांदा एवढंच होतं," आत्या म्हणते.

पंखा फिरतोय. अंबिका जागी आहे आणि तिची बोटं तिच्याच काखेखाली आहेत. ती हात काढून घेते. थोड्या वेळानं पुन्हा तिथंच नेते. आहे. हरभऱ्याएवढं, टणक.

खिडकीपाशी शबनम केस विंचरतेय. "काय झालं? घामेजलीस केवढी."

काही नाही, हे शब्द अंबिकाच्या ओठांवर येऊन थांबतात. ती उठून बसते.

"दार लाव," ती म्हणते. "आणि इथं जरा हात लावून बघ."

शबनम फणी ठेवते. तिची बोटं गार आहेत. ती चाचपते, थांबते, पुन्हा चाचपते.

"चल," ती म्हणते. "चप्पल घाल."