बंद टेकडीवर

नवेगाव बांधच्या तलावापलीकडे जी डोंगरांची रांग दिसते, तिच्यातल्या एका टेकडीवर तंबू लावायचं मैदान आहे. पायथ्याशी गेट, गेटाजवळ पत्र्याची चौकी, आणि चौकीत मी आणि काका. काका नात्याने माझे कोणी नाहीत. केशोरीकडच्या गावचे, पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, कबड्डी खेळताना गुडघा मोडून घेतला, तेव्हापासून थोडे लंगडतात. बोलण्यात गोडवा नावाला नाही.

आमचं काम म्हणजे आलेल्या माणसाला नको ते सांगणं. काडीपेटी इथे ठेवा. बाटली खाली ठेवा. वर स्पीकर लावायचा नाही. उरलेलं जेवण तंबूत ठेवून झोपू नका, अस्वल वासावर येतं. उन्हाळ्यात चूल पेटवायची नाही. आणि जुलै ते सप्टेंबर टेकडी बंद. वरचा रस्ता नाल्यातून जातो, त्या दिवसांत नाला कधी भरेल सांगता येत नाही, आणि अस्वलं पिल्लं घेऊन वारुळं उकरत फिरतात. हे सगळं पाटीवर लिहिलेलं आहे. पाटीवर कोणीतरी पान खाऊन थुंकलेलं असतं.

शिव्या आम्हाला रोजच्या. एका बाईने माझ्या अंगावर स्टीलची बाटली फेकली होती, तिच्या पोराचा स्पीकर ठेवून घेतला म्हणून. पण ऑगस्टमधल्या त्या दुपारी जे झालं, तसं आधी कधी झालं नव्हतं.

पाऊस थांबून थोडं ऊन पडलं होतं. मोठी पांढरी गाडी आली. आत चौघे, पंचविशी-तिशीतले. चालवणारा दणकट होता, गळ्यात चेन. हायवेवरच्या ढाब्यावर पिऊन आले होते, काच खाली करताच वास आला.

"गेट खोलो."

"बंद आहे," मी म्हटलं. "ऑक्टोबरात उघडते."

"मे महिन्यात आलो होतो की आम्ही. तेव्हा तर होतं सुरू."

"मे महिन्यात राहते. आता नाही."

मागच्या सीटवरचा एक गोरा, बारीक मुलगा हसून म्हणाला, "ताई, एकच रात्र. तंबू आमचा, जेवण आमचं. कोणाला कळणार?"

काका चौकीतून बाहेर आले. "पाटी वाचता येत नाही का? माघारी घ्या गाडी."

एवढंच बोलले. आवाज चढवला असेल थोडा. दणकट माणूस खाली उतरला आणि त्याने काकांच्या कानाखाली मारली. काका पडले नाहीत. त्यांनी त्याची कॉलर धरली. मग बाकीचे दोघे उतरले. एकाने मागून काकांचे हात धरले, दुसऱ्याने पोटात लाथ घातली. दणकट माणसाने डिकीतून जॅकचा लोखंडी दांडा काढला आणि काकांच्या डोक्यावर, कानाजवळ घातला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ओलं लाकूड कुऱ्हाडीने फुटतं, तसा.

मी मध्ये गेले. माझे केस कोणाच्या तरी हातात आले आणि मी चिखलात तोंडावर पडले. उठायला गेले तर पाठीवर बूट. बारीक मुलगा गाडीतच होता. "बस करो यार, चलो," म्हणत होता, पण उतरला नाही. काका खाली पडल्यावरही लाथा चालू होत्या. मग दगडाने साखळीचं कुलूप फोडलं, गेट ढकललं आणि गाडी वर गेली.

मी काकांना उठवून बाकावर बसवलं. कानातून रक्त येत होतं, भुवई फाटली होती. तोंडातून त्यांनी एक दात थुंकला आणि तो हातात घेऊन पाहिला.

"गावात जाते," मी म्हटलं. "माणसं आनते." गेटजवळ फोनला रेंज नसते, स्कूटीने गावापर्यंतच जावं लागतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "डोका गरगरून राहिला."

मी त्यांच्या डोक्याला त्यांचाच दुपट्टा बांधत होते, तेव्हा वरून हॉर्न ऐकू आला. एकसारखा, न थांबता. त्याखाली माणसाचं ओरडणं. काका ऐकत राहिले. त्यांना त्या बाजूच्या कानाने ऐकू येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी मान वळवून दुसरा कान तिकडे केला.

रस्त्यावरून एक जण पळत खाली आला. ज्याने काकांचे हात धरले होते, तोच. एका पायात बूट नव्हता. माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसला.

"अस्वल. गाडी फसली नाल्यात. तो ढकलायला उतरला आणि… चला ना. हात जोडतो."

"कोन उतरला?" काकांनी विचारलं.

त्याने सांगितलं त्यावरून कळलं, बारीक मुलगा. बाकी दोघे काचा लावून गाडीत बसले होते.

माझ्या तोंडात अजून चिखल होता. मी म्हटलं, "मरू द्या."

मनापासून म्हटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवलेली बांबूची काठी उचलून माझ्या हातात दिली. स्वतः तेलाचा रिकामा डबा घेतला.

"मरतेच तर पाहून येऊ," ते म्हणाले. "चाल."

पळून आलेला आमच्या मागे आला नाही.

नाला चौकीपासून फार लांब नाही, पण वळणामुळे दिसत नाही. वळलो आणि दिसलं. गाडीची मागची चाकं चिखलात रुतलेली, आत कोणीतरी हॉर्नवर हात दाबून बसलेलं. काठावर ती मादी, पावसाने केस अंगाला चिकटलेले, आणि तिच्याखाली तो मुलगा. ती त्याला खात नव्हती. अस्वल माणसाला खात नाही. ती त्याच्या तोंडाशी लागली होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. तिच्या घशातून निघणारा आवाज घुसमटल्यासारखा होता. मागे तेंदूच्या झाडाला दोन पिल्लं चिकटून किंचाळत होती. हॉर्न वाजत होता म्हणून पिल्लं ओरडत होती, आणि पिल्लं ओरडत होती म्हणून ती सोडत नव्हती.

"भोंगा बंद कर बे," काका गरजले. हॉर्न चालूच राहिला.

काकांनी डबा दगडाने बडवायला सुरुवात केली. ती मागच्या पायांवर उभी झाली. छातीवरचा पांढरा पट्टा रक्ताने लाल. मग ती आमच्यावर आली. काका लंगडे, त्यांना बाजूला होता आलं नाही. ती त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत मी काठी तिच्या तोंडात घातली. घातली म्हणजे घाबरून पुढे केली, आणि ती तिने धरली. बांबू तिच्या दातांत उसासारखा चिरला. मी उरलेल्या तुकड्याने तिच्या नाकावर मारलं. एकदा, दोनदा, मग किती वेळा ते माहीत नाही. मी ओरडत होते. मारताना मला अस्वल दिसत नव्हतं. दणकट माणसाचं तोंड दिसत होतं, माझ्या पाठीवरचा बूट दिसत होता. तिचा पंजा माझ्या दंडावरून गेला, तेव्हा काही जाणवलंही नाही.

तेवढ्यात एक पिल्लू झाडावरून खाली पडलं. ती वळली. दुसरंही उतरलं, दोन्ही तिच्या पाठीवर चढली आणि ती झुडपात शिरली.

मुलगा जिवंत होता. चेहरा कुठून सुरू होतो ते कळत नव्हतं. डोक्याची कातडी मागे सरकली होती, एक डोळा राहिला नव्हता, आणि जबड्यातून श्वासाबरोबर बुडबुडे येत होते. मी त्याच्या तोंडावर माझी ओढणी धरली.

काका गाडीजवळ गेले आणि काचेवर थाप मारली. आतून कोणी दार उघडलं नाही. दणकट माणूस समोर पाहत बसला होता. काकांनी नाल्यातला धोंडा उचलला, काच फोडली, आत हात घालून दार उघडलं आणि त्याला चेन धरून बाहेर ओढलं. चेन तुटली. मग त्यांनी त्याला मारलं. तोंडावर, उघड्या हाताने, सावकाश. त्याने हात वर केले नाहीत. नाकातून रक्त येईस्तोवर मारलं.

"उचल आता त्याले," काका म्हणाले.

त्यांच्याच नव्या कोऱ्या तंबूच्या कापडात घालून मुलाला खाली आणलं. मी स्कूटी काढून गावात गेले. ट्रॅक्टर आला, पुढे ॲम्ब्युलन्स मिळाली. त्याला गोंदियाला नेलं. माझ्या दंडाला टाके पडले. काकांचा एक कान कायमचा गेला.

चार-आठ दिवसांनी मुलाचे वडील आणि एक मामा काकांच्या घरी आले. सफरचंदं आणली होती. मीही तिथेच होते. वडील बसले आणि रडले. त्यांनी डोळे पुसल्यावर मामा मुद्द्यावर आला.

"तुम्ही त्याला वाचवलं. देवमाणूस आहात. मग पोलिसांतली तक्रार कशाला ठेवता? चौघांचंही आयुष्य खराब होईल."

"तुमच्या पोराचा नाव मी मारनाऱ्यात घेतला नाही," काका म्हणाले. "तो गाडीत होता. बाकी तिघांचा घेतला."

"पण तुम्ही पण मारलंय. काच फोडली. त्यांनीही तक्रार दिली तर?"

"देऊ द्या. मारला तर मारला म्हनून सांगीन."

त्या तिघांनी खरोखर तक्रार दिली. गाडीच्या काचेची आणि तुटलेल्या चेनची. दोन्ही प्रकरणं अजून चालू आहेत.

गावात काही जण म्हणत होते, ती अस्वलीण पकडून न्यावी. वनखात्याने झाडांना कॅमेरे लावले, महिनाभर पाहिलं, आणि तिला तिथेच राहू दिलं. ऑक्टोबरात टेकडी उघडली, लोक आले, मी पुन्हा काडीपेट्या गोळा करू लागले. पण मी बदलले. कोणी आवाज चढवला की माझा हात आधी काठीकडे जातो, तोंडातून शब्द नंतर निघतो. एकदा एका म्हाताऱ्या माणसाने नुसतं चष्मा काढायला हात वर केला, आणि मी काठी उगारली होती. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. घरी नवरा म्हणतो काम सोड. मी सोडलेलं नाही.

मागच्या तारखेला तालुक्याच्या कोर्टात बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. तो मुलगा साक्षीला आला होता. काळा चष्मा, गालावर शिवलेली कातडी ओढली गेलेली. त्याला आमच्याशेजारीच जागा मिळाली. त्याचे मित्र दूर, जिन्यापाशी उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मग आमच्याकडे वळून त्याने विचारलं, "ती आहे का अजून तिथे?"

बोलणं नीट कळत नव्हतं, त्यात काकांचा तो कान गेलेला. मी त्यांना पुन्हा सांगितलं.

"आहे," काका म्हणाले. "पिल्ले मोठे झाले आता. सुटून राहिले तिच्यापासून."

मुलाने मान हलवली. मग पुकारा झाला आणि तो आत गेला. दार बंद होईपर्यंत आम्ही पाहत होतो. त्याने आत काय सांगितलं ते आम्हाला वकिलाकडून संध्याकाळी कळलं. त्याने सगळं सांगितलं होतं, दांड्यासकट. काकांनी ऐकलं, खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला, आणि बस यायची वाट पाहत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.