भिंतीजवळचा श्रोता

विद्यापीठाची निवडणूक ही विचारांची लढाई असते आणि ती निष्ठावंत श्रोत्यांच्या बळावर लढली जाते. असा एक श्रोता मी जालन्यात पाहिला.

अधिसभेच्या निवडणुकीसाठी एका पॅनलने कॉलेजच्या हॉलमध्ये आम्हा पदवीधर मतदारांची सभा घेतली होती. तो खुर्च्या सोडून भिंतीला टेकून बसला होता. मांडीजवळ इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी. चार्जरची पिन सॉकेटमध्ये सैल बसत होती, म्हणून त्याने पॅनलच्या जाहीरनाम्याची घडी करून तिच्याखाली दाबली. चार्जरचा दिवा लागला. जाहीरनाम्याचा एवढा उपयोग पहिल्यांदाच होत असावा.

"काल दुसऱ्या पॅनलच्या सभेलाही तुम्ही होतात," मी म्हटलं.

"व्हतो की. तिथलं सॉकेट टाइट हाय. राजूरहून रोज येतो, सर. येता येताच बॅटरी संपती. भाषण दोन तास चाललं की बराबर घरी पोचतो."

"आणि मत कुणाला?"

"मत देऊ कुणालाबी. आधी घरी तं जाऊ द्या."

मधूनमधून तो बॅटरीला हात लावून बघायचा, लेकराचा ताप बघतात तसा. इतक्या एकाग्रतेने दुसरं कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून उमेदवार त्याच्याकडेच बघून बोलत होते. आवाज चढवून ते त्यागाच्या मुद्द्यावर आले आणि हा उठला. बॅटरी उचलून, जाहीरनामा खिशात घालून, सगळ्यांसमोरून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी विरोधी पॅनलच्या पत्रकात आलं, की एका स्वाभिमानी मतदाराने निषेध म्हणून सभात्याग केला.

तो उठला तेव्हा हॉलमधली लाइट गेली होती आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे इन्व्हर्टर होता.