आप्पामामाचा रिसीव्हर

आप्पामामाचा हात तोंडाआधी चालायचा. दार अडकलं की लाथ, मोटारसायकल चालू झाली नाही की टाकीवर बुक्की, आणि समोर माणूस असला तर ज्याचं त्याचं नशीब. सास्तूरला त्यांच्या गल्लीत पाठीमागं सगळे त्यांना ‘दणका’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. आणि तरी मला हा माणूस आवडायचा. याचा माझा मलाच संताप येतो.

मामानं भाचीवर हात उचलला तर त्याचा हात थरथरायला लागतो, अशी आमच्याकडं समजूत आहे. तेवढ्यानं मी वाचले. त्यांचा मुलगा संजू माझ्याच वयाचा. सुट्टीत खोडी दोघांनी काढायची, चामड्याच्या पट्ट्यानं सोलून निघायचा तो एकटा. मामीही सुटायची नाही. एकदा मी तोंडावर विचारलं, “मामा, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?” तर म्हणाले, “वाटती की गं. लाज वाटली की अजूनच राग येतो.”

कुस्ती आणि मारामारीचे सिनेमे, एवढीच त्यांची करमणूक. टीव्हीचा आवाज मात्र पसंत नव्हता. हिरोनं गुंडाला हाणलं की हे ओरडायचे, “आरं, हाणतोय का गोंजारतोय?”

मग एका लग्नाच्या पंगतीत संजूच्या हातून वरण सांडलं आणि मामांनी सगळ्या भावकीदेखत त्याच्या कानाखाली काढली. बापाएवढा झालेला पोरगा! तो घरी आला, त्यानं बापाशी बोलणं टाकलं आणि पुण्याला जायची बॅग भरली. मामीचा मला फोन आला, “पोरगं आता गेलं की परत येत न्हाय, बाई. तू ये.” मी गेले. दोघं एका खोलीत, तोंडं दोन भिंतींकडं. माफी हा शब्द मामांना ठाऊक नव्हता. संजूला होम थिएटरचं वेड, एवढं ठाऊक होतं. दारात उभं राहून मला म्हणाले, “त्याला म्हणावं, ते सिनेमाचं काय ते घे. पर जाऊ नको.”

उमरग्याच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं वॅट, चॅनेल सुरू केलं तशी मामांनी त्याला अडवलं. “आकडे नको सांगू. थप्पड ऐकव.” त्यानं बिचाऱ्यानं एकेका रिसीव्हरवर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या खोक्यावर, मारामारी लावली. मामा डोळे मिटून बसले. पहिला ऐकून म्हणाले, “ही थप्पड न्हाय, टाळी हाय.” दुसऱ्याला, “हात आला, गाल कुठं हाय?” तिसऱ्याला डोळे उघडले. “हां. ह्याला लागली. हाच बांधा.”

संजू माझ्याकडं बघून म्हणाला, “त्यांना म्हणावं, थप्पड कशी वाजती ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठावं हाय.”

मामांचा हात उठला. मी मध्ये घुसले. तो हात काउंटरवर आपटला आणि काच तडकली. संजूनं हट्टानं चौथा रिसीव्हर धरला. त्याच्या जोडीला भलामोठा सबवूफर होता. त्यातून जमिनीलगत घुमणारा आवाज निघाला तसे मामा उठून रस्त्यावर गेले. मला वाटलं, राग गिळायला गेले. परत येऊन एवढंच म्हणाले, “त्याला पाहिजे तो बांधा.” हार मानलेले मामा मी पहिल्यांदा बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी झाली. हे यंत्र खोलीचा अंदाज स्वतः घेतं. मध्ये माईक ठेवायचा, मग ते एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं. मी अंगणात होते, मामा संजूजवळ, मामी आत चुलीपाशी भाकरी थापत होती. संजूनं बटण दाबलं. आधी नुसती फुसफुस झाली, मग सबवूफरची पाळी आली. फरशीखालून गुरगुर उठली, मांडणीवरची भांडी खडखडायला लागली.

मामांनी झेप घेऊन संजूची कॉलर धरली, त्याला ओढत नेलं आणि अंगणातल्या दगडांवर भिरकावलं. चौकट लागून त्याचं कपाळ फुटलं. तो उठला आणि आजवरचा सगळा मार मुठीत आणून त्यानं बापाच्या तोंडावर ठोसा हाणला. दात पडले, सदरा रक्तानं भरला. आता हा माणूस पोराचा जीव घेतो, म्हणून मी किंचाळले.

मामांनी हात उचललाच नाही. “आत येऊ नको!” एवढं ओरडून ते घरात पळाले.

तेव्हा माझं गल्लीकडं लक्ष गेलं. म्हातारी माणसं अनवाणी रस्त्याच्या मध्यावर उभी होती. एकजणही मारामारी बघत नव्हता. सगळे भिंतींकडं बघत होते. त्र्याण्णवचा भूकंप त्यांनी भोगलेला. संजू आणि मी नंतर जन्मलेले, आमच्या ध्यानीमनी काही नाही. मामा मामीला उचलून बाहेर आले तेव्हा तिच्या हातांना पीठ तसंच होतं.

संजूनं आत जाऊन वायरी उपटल्या. सबवूफर अंगणात आणला आणि कुऱ्हाडीनं त्याचा भुगा केला. मामा ओट्यावर तोंड धरून बसले होते. मामी हात पुसत, कुणी विचारलं नसताना बोलली.

“त्या पहाटं हे आधी पळाले. मी आन थोरली लेक आत. मी निघाले, पोर न्हाय निघाली. सांजपतोर नुसत्या हातानं माती उकरली ह्यांनी. पळाल्याची चीड हाय त्यांना स्वतःची. मार आमी खातो.”

संजूनं कुऱ्हाड टाकली. बॅग उघडून आतला टॉवेल काढला, ओला करून बापाच्या तोंडाला लावला. मामा म्हणाले, “लई जोरात हाणलास.” संजूनं टॉवेल पिळून परत दाबून धरला. पुण्याला तो गेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. भेटायला आलेले पाहुणे रीतीप्रमाणं म्हणायला लागले, तापट होते, पण मनानं सोनं. संजू भडकला. “सोनं बिनं काय न्हाय. मारायचे. मला मारायचे, आईला मारायचे. मी काय बी विसरलो न्हाय.” मग तोच म्हणाला, “पर घर हाललं तवा मला आधी काढलं त्यांनी.”

कोपऱ्यातून मामी म्हणाली, “आन मग मला.”